आधी करार, मग तार, शेवटी रंग : भाड्याच्या घरात एसी बसवताना

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या, की पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली या भागांत घरसामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. अकरा महिन्यांचे करार संपतात, कुटुंबे घर बदलतात आणि जुना भाडेकरू गेल्यावर नवा येण्यापूर्वी घरमालक डागडुजी करून घेतात. भिंतींना पुट्टी आणि रंग, ओट्याला नव्या टाइल्स, न्हाणीघरात नवे नळ अशी कामांची यादी असते. तीत एसीचा विचार फार थोड्या घरांत होतो. रंग वाळतो, कुटुंब राहायला येते आणि मग मे महिन्यातल्या एखाद्या असह्य दुपारी लक्षात येते, की आजींच्या खोलीत एसी लावायचा तर स्वतंत्र वायर नाही, पाइप बाहेर न्यायला भोक नाही आणि मालकांची परवानगीही घेतलेली नाही.

वाचकहो, मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करणारा डॉक्टर आहे. वकील नाही आणि वायरमनही नाही. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण उन्हाळ्यात माझ्यासमोर येणाऱ्या ज्येष्ठांच्या अनेक तक्रारींचे मूळ त्यांच्या खोलीत असते. चक्कर येणे, रात्रभर झोप न लागणे, लघवी कमी होणे, पायांत गोळे येणे, एकाएकी बरळणे अशा तक्रारी घेऊन ते येतात. औषध मी देऊ शकतो; परंतु रुग्ण पुन्हा त्याच तापलेल्या खोलीत परत जाणार असेल, तर औषधाचा उपयोग मर्यादित राहतो. न्हाणीघरातल्या आधाराच्या दांडीकडे आपण चैन म्हणून पाहत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदय, मूत्रपिंड, मधुमेह किंवा श्वसनाचा विकार असलेल्या व्यक्तीच्या खोलीतील एसीकडेही त्याच दृष्टीने पाहावे, असे माझे मत आहे. आणि त्याची तयारी करण्याची योग्य वेळ म्हणजे घराचे काम निघालेले असते तीच.

वृद्धांना उष्णता अधिक का बाधते?

आपल्या शरीराचे आतील तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल, तर शरीरातील उष्णता आपोआप हवेत जाते. हवा त्याहून गरम झाली, की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच प्रभावी मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. येथे ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निथळून खाली पडलेल्या घामाने शरीर थंड होत नाही. कोकणपट्टीत हवेतच इतका दमटपणा असतो, की घाम वाळत नाही. म्हणून विदर्भातील 42 अंशांपेक्षा पनवेलचे 37 अंश सोसणे कधी कधी अधिक कठीण जाते. भारतीय हवामान विभागही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासून करतो. मैदानी प्रदेशासाठी ही मर्यादा 40 अंशांची आहे.

वाढत्या वयात या यंत्रणेचा प्रत्येक दुवा थोडा थोडा कमजोर होतो. तहानेची जाणीव मंदावते. घाम उशिरा आणि कमी येतो. त्वचेकडे अधिक रक्त पाठवण्यासाठी हृदयाला जास्त काम करावे लागते आणि दुबळ्या हृदयाला ते झेपत नाही. त्यातच काही औषधांची भर पडते. रक्तदाबासाठी किंवा पायांवरील सुजेसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी व क्षार कमी होतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयाची गती वाढू देत नाहीत. मनोविकार, कंपवात, लघवीवरील नियंत्रण, ॲलर्जी यांवरील काही औषधांनी घाम कमी येतो. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. परंतु उन्हाळा सुरू होण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सर्व औषधे दाखवून मात्रेविषयी अवश्य विचारावे.

उष्णतेने काय घडू शकते, हे आपल्या परिसराने पाहिले आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान सोहळा झाला. त्या दिवशी तापमान 38 अंशांच्या आसपास होते. भर उन्हात बसलेल्या श्रीसदस्यांपैकी चौदा जणांना उष्माघातामुळे प्राण गमवावे लागले. ती घटना उघड्यावर घडली म्हणून सर्वांना दिसली. घराच्या आत होणारा उष्णतेचा त्रास मात्र कोणाला दिसत नाही. फ्रान्समध्ये ऑगस्ट 2003 च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे पंधरा हजार अधिकचे मृत्यू झाले आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. मे 2010 मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला. अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै 1995 मध्ये सातशेहून अधिक माणसे दगावली. तेथील अभ्यासात दिसले, की अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील व्यक्तींना धोका अधिक होता. ज्यांच्या घरात चालू स्थितीतील एसी होता, त्यांना तो पुष्कळच कमी होता.

आपली जुनी कौलारू घरे उंच असत. पडवीमुळे भिंतींवर थेट ऊन येत नसे आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. आजच्या इमारतीत स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. वरच्या मजल्यावरील पश्चिमेच्या खोलीत रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावून पाहा. ती कोमट लागते. पंखा तीच गरम हवा फिरवत असतो. घाम वाळायला पंख्याची मदत होते, हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार हवा 40 अंशांच्या वर गेली, की पंख्याने शरीर थंड होण्याऐवजी अधिक तापते. ज्यांना घामच कमी येतो अशा वृद्धांच्या बाबतीत पंख्याची मर्यादा त्याआधीच येते. साठीपुढील आणि दीर्घकालीन आजार असलेल्या व्यक्तींसाठी खोली दिवसा 32 अंशांच्या आणि रात्री 24 अंशांच्या खाली असावी, असे ही संघटना सुचवते. पनवेलच्या मे महिन्यात एसीशिवाय हे साधणे जवळपास अशक्य आहे.

आधी करार

या पाक्षिकाच्या वाचकांत काही भाडेकरू आहेत, तर काही निवृत्तीनंतर एखादे घर भाड्याने देऊन त्या उत्पन्नावर भिस्त ठेवणारे मालकही आहेत. दोघांच्याही अडचणी मला ठाऊक आहेत. भाडेकरूला वाटते, ‘काही मागितले, तर पुढच्या वेळी करार वाढवणार नाहीत.’ मालकांना वाटते, ‘भिंत फोडतील, गळती होईल आणि जाताना तसेच टाकून जातील.’ दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि दोन्हींवर उपाय एकच आहे : आधी बोलावे आणि बोललेले कागदावर आणावे.

कायदा काय म्हणतो, हे ठाऊक असलेले बरे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने पक्के बांधकाम केले, तर त्याच्याकडून जागेचा ताबा मागता येतो, असे त्यातील कलम 16 सांगते. मात्र त्याच कलमातील स्पष्टीकरणानुसार, आवश्यक असेल तेथे पालिकेची परवानगी घेऊन केलेले लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी बसवणे, धूर बाहेर टाकण्याची चिमणी अशी कामे पक्के बांधकाम धरली जात नाहीत. जुन्या भाडेकरूंना हा मोठाच दिलासा आहे.

परंतु आज पनवेलमधील बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिली जातात आणि अशा कराराने राहणारी व्यक्ती कायद्याच्या अर्थाने भाडेकरू ठरत नाही. तिला आधार असतो तो करारातील शब्दांचा. हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे याच कायद्याचे कलम 55 सांगते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर ठेवते. तेव्हा एसीविषयीचा मजकूर त्या नोंदणीकृत करारातच यावा. दलालाने आणलेल्या छापील मसुद्यात तो नसतो. आपणच सांगून घालून घ्यावा लागतो.

खर्चाची वाटणी करताना एक साधा नियम उपयोगी पडतो : जे भिंतीत राहते ते मालकांचे आणि जे भिंतीवर टांगले जाते ते विकत घेणाऱ्याचे. वायर, एमसीबी, सॉकेट, पाइपचे भोक, पाण्याच्या निचऱ्याची नळी या गोष्टी घराबरोबर राहतात आणि घराचे मोल वाढवतात. त्यांचा खर्च मालकांनी करणे रास्त आहे. यंत्र भाडेकरूने घेतले, तर जाताना त्याने ते न्यावे. मालकांनी घेतले, तर भाड्यात थोडी वाढ मान्य करावी. करारात पुढील पाच बाबी स्पष्ट असाव्यात :

- एसी कोणत्या खोलीत बसेल आणि तो कोणाच्या मालकीचा असेल.
- वायरिंग आणि भोक पाडण्याचा खर्च कोण करेल.
- वर्षातून दोनदा करावयाच्या सर्व्हिसिंगचा आणि गॅस भरण्याचा खर्च कोणाकडे राहील.
- घर सोडताना यंत्र काढले, तर भोक बुजवून रंगाचा हात कोण देईल.
- अनामत रकमेतून याबाबत किती आणि कोणत्या कारणाने कपात होऊ शकेल.

सोसायटीचे ना हरकत पत्रही आधीच घ्यावे. बाहेरचे युनिट कोठे लावायचे याविषयी अनेक सोसायट्यांचे नियम असतात आणि काम झाल्यावर ते काढायला लावण्याचे प्रसंग येतात. घरात आजारी ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर ‘या रुग्णाने उन्हाळ्यात थंड खोलीत राहणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे’ अशी चिठ्ठी आपल्या डॉक्टरांकडून मागून घ्यावी. ती मालकांपुढे किंवा सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवली, की बोलण्याचा सूर बदलतो. वाद चिघळलाच, तर वकिलांचा सल्ला घ्यावा. वृद्धांनी उन्हाळ्याच्या दिवसांत कमिटीच्या बैठकांना खेटे घालत बसू नये.

मग तार

एकच एसी परवडत असेल, तर तो कोणत्या खोलीत लावावा? बहुतेक घरांत तो मुलगा-सुनेच्या खोलीत किंवा पाहुण्यांसाठी हॉलमध्ये लागतो. माझे सांगणे असे आहे, की दुपारी बारा ते पाच या वेळात घरात कोण असते, ते पाहावे. मुलगा मुंबईला, सून नोकरीला, नातवंडे शिकवणीला. घरात उरतात ती आजी-आजोबाच. एसी त्यांच्या खोलीत असावा. तान्हे मूल असल्यास तेही दुपारी त्याच खोलीत झोपू शकते. लाट तीव्र असेल त्या चार-आठ रात्री सर्वांनी गाद्या घालून तेथेच झोपायला हरकत नाही.

यंत्र किती टनाचे घ्यावे, हा पुढचा प्रश्न. येथे टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांच्या काळापासून ही मोजणी चालत आली आहे. शंभर ते एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला एक टन सहसा पुरतो. सर्वांत वरचा मजला किंवा पश्चिमेची भिंत असेल, तर दीड टनाचा विचार करावा. फार मोठे यंत्र घेऊ नये. ते खोली झटकन थंड करून थांबते आणि दमटपणा तसाच राहतो. दमटपणा काढणे हे एसीचे मूळ काम आहे. 1902 मध्ये विलिस कॅरियर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली, ती दमट हवेने कागद फुगू नये म्हणून. कोकणातील घामट हवेत हाच गुण अधिक कामाचा आहे.

वारंवार घर बदलावे लागणाऱ्यांसाठी विंडो एसी सोयीचा असतो. खिडकीत बसतो, सहज निघतो, भिंतीला भोक लागत नाही. त्याचा आवाज मात्र अधिक असतो आणि सर्व खिडक्यांत तो बसत नाही. स्प्लिट एसी शांत असतो. परंतु तो काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद करून घ्यावा लागतो आणि नव्या घरी तांब्याचा पाइप कमी पडू शकतो. तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

आता विजेची बाजू. जुन्या इमारतींतील वायरिंग पंखा, दिवे आणि टीव्ही यांच्या हिशेबाने केलेले असते. त्यातच एसी जोडला किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवला, तर वायर तापून आग लागण्याचा धोका असतो. म्हणून मीटरजवळच्या बोर्डापासून एसीपर्यंत स्वतंत्र तार ओढावी. दीड टनाच्या यंत्राला साधारणतः 4 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरतात. तिला स्वतंत्र एमसीबी, पक्के अर्थिंग आणि घरासाठी 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असावा. शॉक लागण्याची वेळ आली, तर तो क्षणार्धात वीज तोडतो. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. वीजबिलावरील मंजूर भार पाहावा. तो अपुरा असेल, तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा हवेची गादी चालत असेल, तर ती एसीच्या सॉकेटवर कधीही जोडू नये.

भोक पाडताना बीम, कॉलम किंवा स्लॅबला हात लावू देऊ नये. भोक विटांच्या भिंतीतच पाडावे आणि ते बाहेरच्या बाजूला उतरते असावे. नाहीतर पावसाळ्यात पाणी आत येते. दमट दिवसांत एसीतून तासाला लिटरभर पाणी सहज निघते. ते शेजाऱ्यांच्या खिडकीवर किंवा जिन्यात पडू न देता नळीने न्हाणीत सोडावे. ओल्या जिन्यावरून घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत. बाहेरचे युनिट अशा ठिकाणी लावावे, की दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला जीव धोक्यात घालून छज्जावर उतरावे लागू नये.

शेवटी रंग

तार आणि नळी भिंतीत गेली, की मगच पुट्टी व रंग. हा क्रम पाळला, तर नंतर पांढऱ्या पट्ट्यांची केसिंग भिंतभर फिरवावी लागत नाही आणि तोडफोडही एकदाच होते.

काम चालू असताना वृद्धांनी त्याच घरात राहू नये. भिंत खरवडताना उडणारी बारीक धूळ दमा आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णांचा त्रास वाढवते. धुळीसाठी दारे-खिडक्या बंद ठेवल्या, तर उकाडा वाढतो; उघड्या ठेवल्या, तर धूळ सर्वत्र पसरते. आठ-दहा दिवस लेकीकडे, भावाकडे किंवा गावी जावे. ते शक्य नसेल, तर एक खोली पूर्ण करून, पुसून घेऊन मगच दुसरी काढावी. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन-चार दिवस, त्या खोलीत झोपू नये. काम शक्यतो फेब्रुवारीअखेर संपवावे. कोकणात पूर्वेकडून कोरडे वारे आले आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटला, तर मार्चमध्येही पारा चाळिशीजवळ जातो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी याच वेळी सोसायटीला विनंती करून गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग लावून घ्यावा. अहमदाबादेत गरीब वस्त्यांच्या छपरांसाठी हाच उपाय योजला गेला. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा ताडपत्री लावावी. ऊन काचेच्या बाहेर अडवले, तर आतल्या पडद्यापेक्षा ते अधिक परिणामकारक ठरते आणि एसीला काम कमी पडते.

एसी वापरताना

1 जानेवारी 2020 पासून स्टार असलेले नवे एसी सुरू करताच 24 अंशांवर चालू होतात. ऊर्जा दक्षता ब्युरोने तसे बंधन घातले आहे. वृद्धांसाठी 26 ते 27 अंश आणि सोबत मंद पंखा हे प्रमाण उत्तम. 18 अंशांवर ठेवून वर दुलई घेण्यात काहीच अर्थ नाही. तापमान एका अंशाने वाढवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. हवेचा झोत थेट अंगावर येऊ नये. त्याने मान व खांदे आखडतात आणि डोळे कोरडे पडतात. बाहेरून घामाघूम होऊन आल्यावर आधी पंख्याखाली दहा मिनिटे बसावे. आतील जाळी दर पंधरा दिवसांनी पाण्याने धुवावी. ते काम स्टुलावर चढून आजोबांनी करू नये.

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडाव्यात. बंद खोलीत डासांची कॉइल, धूप किंवा उदबत्ती लावू नये. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो : खोलीला जोडलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर दारे-खिडक्या बंद असताना तो मुळीच वापरू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस गुंगीतच जातो. घराचे काम निघालेच आहे, तर गॅस गिझर काढून विजेचा गिझर बसवावा.

आता बिलाविषयी. एसी घरात असूनही बिलाच्या भीतीने तो बंद ठेवणारे ज्येष्ठ मला पुष्कळ भेटतात. मुलगा घरी आल्यावर एसी सुरू होतो आणि तो कामावर गेला, की आई तो बंद करते. भीतीपेक्षा हिशेब बरा. यंत्रावरील स्टार लेबलवर वार्षिक युनिट लिहिलेले असतात. ते 1600 तासांच्या वापरासाठी असतात. त्या आकड्याला 1600 ने भागले, की ताशी सरासरी वापर मिळतो. समजा, लेबलवर 640 युनिट आहेत; म्हणजे तासाला 0.4 युनिट. रोज दहा तास चालवला, तर महिन्याला सुमारे 120 युनिट होतील. तापलेल्या वरच्या मजल्यावर हा आकडा वाढेल. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातात; म्हणून आपला सध्याचा वापर कोणत्या टप्प्यात आहे, हे बिलावर पाहून ही भर मोजावी. आकडा हाती आला, की मुलाने आईला स्पष्ट सांगावे, ‘आई, महिन्याला इतके वाढतील आणि ते मी धरून ठेवले आहेत.’ मग रिमोट तिच्या उशाशी ठेवावा. कोणती दोन बटणे दाबायची, ती रंगीत टिकली लावून दाखवावीत. वापरता न येणारा एसी नसल्यासारखाच असतो.

एसी शक्यच नसेल तर

प्रत्येक घरात एसी बसेलच, असे नाही. अशा वेळी तीव्र उन्हाच्या दुपारी दोन-तीन तास शेजारच्या किंवा नातलगांच्या थंड खोलीत काढावेत. शरीराला तेवढी विश्रांतीही मोलाची असते. खालच्या मजल्यावर, पूर्वेच्या खोलीत झोपावे. सुती कपडे, ओल्या पंचाने अंग पुसणे, तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक, पन्हे घेणे या गोष्टी कराव्यात; मधुमेहींनी पन्हे साखरेविना घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते वाढवावे. वीज जाईल तेव्हाही हेच उपाय कामी येतात, कारण घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही.

एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना लाटेच्या दिवसांत दिवसातून दोनदा फोन करावा किंवा दार वाजवून पाहावे. अंग भाजल्यासारखे गरम लागत असेल, बोलणे असंबद्ध असेल, ओळख पटत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला, तरीही. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून राहू नये. रुग्णाला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी शिंपडून जोराचा वारा घालावा, मान, काखा व जांघेत ओल्या कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळीही देऊ नये. या तापावर तिचा उपयोग होत नाही.

आपला करार या उन्हाळ्यात संपत असेल, तर नव्या घराची किल्ली घेण्याआधी मालकांशी या विषयावर बोलून घ्या. आपण मालक असाल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी वायरमनला बोलवा. आणि घर पाहायला जाल, तेव्हा दुपारी तीन वाजता जा. आपल्या आई-वडिलांची जी खोली होणार आहे, तिच्या भिंतीला हात लावून पाहा. पुढचे कोणते काम आधी करायचे, ते तेथेच कळेल.